चिकातली ज्वारी पाखरांपासून कशी राखायची

ज्वारी निसवली, म्हणजे कणीस बाहेर पडलं, की लगेच माळा बांधून बसायची गरज नाही, फुलोऱ्यात पाखराला काही इंटरेस्ट नसतो. खरी धाड पडते दाणा चिकात आल्यावर. दोन-चार दाणे नखाने दाबून बघा, दुधासारखा चीक आला की दुसऱ्या दिवसापासून राखण चालू करायची आणि दाणा टणक होईपर्यंत सोडायची नाही, म्हणजे साधारण तीनेक आठवडे.

दिवसभर ओरडत बसू नका, घसा जातो नुसता. दिवस उगवल्यापासून नऊ-दहापर्यंत आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत, या दोन टायमाला माणूस पाहिजेच. दुपारी पाखरू झाडाला सावलीत बसतं, तेव्हा तुम्हीपण भाकरी खाऊन घ्या. बांधावर बाभळ-लिंब असेल तर त्याच्या कडेच्या ओळी आधी जातात, माळा त्याच बाजूला घाला.

गोफणीत दगड नको, ढेकूळ घ्या. दगडाने एखाद्याचं डोकं फुटायचं. ढेकूळ हवेत फुटतं आणि माती पानांवर सरसर पडते, त्या आवाजाने अख्खा थवा उठतो. पण थवा बसल्यावर नाही, उतरायला घिरट्या घालतोय तेव्हाच मारायची, एकदा कणसाची चव लागली की हाकललं तरी परत तिथंच येतात.

चमकी पट्टी लावणार असाल तर दक्षिण-उत्तर लावा म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळेला ऊन पडतं, कणसाच्या वर हातभर, दोन-तीन पीळ देऊन आणि जरा ढिली. ताणून बांधली की वाऱ्यात वाजतच नाही, मी पहिल्या वर्षी हेच केलं, चिमण्या चक्क पट्टीवर बसायच्या. बुजगावण्याचं पण तसंच, चार दिवसांनी जागा आणि सदरा बदला.

सोलापूरकडं थंडीत भोरड्या (गुलाबी मैना) येतात त्या एकदम ढगासारख्या, त्यांच्यापुढं एकट्याचं काही चालत नाही, शेजाऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात पेरणी केली तर नुकसान सगळ्यात वाटलं जातं. आगाप किंवा मागास, म्हणजे लवकर किंवा उशिरा पेरलेलं, एकटंच रान असेल तर सगळी पाखरं तुमच्याकडं जेवायला. विष मात्र घालू नका, गुन्हा आहे, आणि याच भोरड्या टोळ-नाकतोडे पण खातात.

दाण्याच्या बुडाला काळा ठिपका दिसला की काढणीला लागा. खळ्यावर कणसं उघडी टाकू नका, चिमण्या तिथं पण येतात.