'तमर-ए-हिंद' नव्हे, 'तम्र हिंदी' : चिंचेच्या अरबी नावाबाबत या चुका टाळा

इंग्रजी 'टॅमरिंड' हा शब्द अरबीतून आला, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. घोळ होतो तो त्यापुढे. 'तमर-ए-हिंद, म्हणजे भारताचा खजूर' असं बिनदिक्कत लिहिलं जातं. मधला 'ए' फारसीचा आहे, अरबीत तो नाहीच. अरबी नाव आहे 'तम्र हिंदी'.

फरक एका अक्षराचा वाटतो, पण व्याकरण बदलतं. 'भारताचा खजूर' म्हणायचं असतं तर अरबीत 'तम्रुल-हिंद' झालं असतं, ती षष्ठी. इथे नामामागे विशेषण आहे. आपण 'कोल्हापुरी चप्पल' म्हणतो, अरबी माणूस 'चप्पल कोल्हापुरी' म्हणेल, तसं. आणि 'हिंदी' म्हणजे भाषा नव्हे. 'हिंदी महासागर' मधला 'हिंदी' तोच हा.

विशेषणाची खूण 'अल्'मध्ये, म्हणजे इंग्रजी 'द'सारख्या अरबी उपपदात सापडते. हे उपपद नामाला लागलं की विशेषणालाही लागतं : 'अत्-तम्र अल्-हिंदी'. पहिल्या शब्दात लिहिताना 'अल्' असलं तरी तसं वाचू नका. 'त' हे सूर्याक्षर आहे, ते 'ल' गिळून स्वतः दुप्पट होतं. 'ह' चंद्राक्षर आहे, म्हणून तिथे 'ल' स्वच्छ ऐकू येतो.

'तमर' असा उच्चारही नको, अरबीत 'म' वर स्वर नाही. शिवाय पहिल्या अक्षरावर दोनच टिंबं आहेत ना, ते बघा. तीन असतील तर शब्द 'थमर' होतो आणि अर्थ नुसतं 'फळ'.

'तम्र' म्हणजे खजुराचं झाडही नव्हे. झाड 'नख्ल', ताजं रसरशीत फळ 'रुतब', आणि पिकून सुकलेलं ते 'तम्र'. हे समूहवाचक नाम आहे, एकच खजूर असेल तर 'तम्रा'.

चिंचेला खजूर का म्हटलं असेल? गाभुळलेली चिंच डोळ्यांसमोर आणली तर नाव पटतच नाही. पण किराणा दुकानात चिंचेचा दाबलेला गोळा आणि खजुराचं पाकीट शेजारी ठेवून पाहा : तोच तपकिरी रंग, तोच चिकटपणा. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तिथेच छापलेल्या ग्रंथात मात्र साम्य साफ नाकारलं. आत बिया असतात, म्हणून अरबांनी हे नाव दिलं, असं त्याचं म्हणणं. त्याने झाड रोज पाहिलं होतं, तरी मला गोळ्याचं कारण जास्त पटतं. अरबस्तानात पोचायचा तो व्यापाराचा माल.

नावावरून झाडाचं मूळ ठरवणं ही शेवटची चूक. चिंचेचं मूळ उष्णकटिबंधीय आफ्रिकेत मानलं जातं. अरबांनी माल कुठून आला तेवढं नावात टिपलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये 'टॅमरिंडस इंडिका' असं नाव दिलं, तेव्हा 'टॅमरिंडस'मध्ये हिंद आधीच होता. आफ्रिकेच्या झाडाच्या नावात भारत दोनदा आला, तो असा.