क्यूआर हजेरीत न आलेल्यांचीही नावं? हे करा

लक्षण: यावलच्या केळी प्रशिक्षणात क्यूआर स्कॅन करून भरायच्या गुगल फॉर्मवर नावं जास्त, खुर्च्यांवर माणसं कमी. क्यूआरचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, घरबसल्या हजेरी लागते. वैताग नुसता! जीपीएस सभागृहात भरकटतं. एका खात्याला एकच उत्तर ठेवलं तर जीमेलचं लॉगिन लागतं, पासवर्ड कुणाला आठवतो?

चाललं ते असं. भरीत-पुरी खाऊन बरेच जण पांगतात, म्हणून हजेरी सकाळी नाही, जेवणानंतर घ्या. ओळखपत्र पाहून प्रत्येकाला वेगळ्या चार अंकी आकड्याची चिठ्ठी द्या, यादीत नावापुढे टिपा. आकडे क्रमाने नकोत. शून्याने सुरू होणारे तर नकोतच, उत्तरांच्या शीटमध्ये शून्य गळतं. मग प्रत्येकाला आपला आकडा भरता यावा म्हणून फॉर्म उघडा, 10 मिनिटांत बंद. शेवटी यादीतला आकडा काउंटइफने (शीटमधलं मोजणीचं सूत्र) उत्तरांत मोजा: 0 गैरहजर, 1 बरोबर, 2 आला तर सहीचा कागद काढून पडताळा.