स्क्रीन रेकॉर्ड करताय? मग गेमिंगवाल्यांच्या सेटिंग कॉपी करू नका

एक्सेल, टॅली, कोडिंग असलं काहीतरी शिकवायचं म्हणून लोक ओबीएस स्टुडिओ हे स्क्रीन रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकतात, यूट्यूबवर बेस्ट सेटिंग शोधतात आणि कुठल्यातरी गेमिंगवाल्याचे आकडे जसेच्या तसे भरून मोकळे होतात, ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम), सीबीआर (म्हणजे कायम एकच बिटरेट), बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ४०,००० वगैरे, आणि मग विचारतात लॅपटॉप हँग का होतोय आणि एवढं करूनही अक्षरं धूसर का. अहो त्याला पळणारी गाडी दाखवायचीय, तुम्हाला सेलमधला आकडा.

सगळ्यात जास्त घोळ होतो रिझोल्युशनमध्ये. सेटिंग्जमध्ये व्हिडिओ उघडा, तिथे बेस कॅनव्हास (ओबीएस ज्यावर चित्र मांडतं) आणि आउटपुट (फाइलमध्ये जाणारं) असे दोन आकडे दिसतील. स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची आणि आउटपुट टाकलंय १९२० बाय १०८०, कारण फुल एचडी पाहिजे! आता नवीन डिटेल येणार कुठून? ओबीएस आहे तेच चित्र १.४ पट ताणतं, पिक्सेल पूर्णांकात बसत नाहीत, मग कडा फासल्या जातात आणि ८ कुठला, ६ कुठला कळेनासं होतं. दोन्हीकडे स्क्रीनचंच रिझोल्युशन ठेवा. स्क्रीन मोठी असेल आणि व्हिडिओ लहान करायचाच असेल तर डाउनस्केल फिल्टरमध्ये बायलिनियर नको, लँक्झोस घ्या. आणि खरं सांगू का, एक्सेलचा झूम १५० टक्के करण्याइतका फायदा कुठलीच सेटिंग देत नाही.

एफपीएस ३० बास.

सीबीआर लाइव्हसाठी ठीक आहे, तिथे नेटचा स्पीड सांभाळायचा असतो. रेकॉर्डिंगला त्याची गरज नाही, ४०,००० केबीपीएसने तासाला साधारण १८ जीबी जातात, तेही बराच वेळ स्क्रीन हलतसुद्धा नसताना. आउटपुट मोड अ‍ॅडव्हान्स्ड करून एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग, एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा) असेल तर सीआरएफ, एनव्हेंक (एनव्हिडिया कार्डावरचा) असेल तर सीक्यूपी घ्या, दोन्ही बिटरेटऐवजी क्वालिटी धरून चालतात, आकडा १८ ते २३ मध्ये. इथे हिशोब उलटा असतो हां, आकडा जितका कमी तितकी क्वालिटी चांगली, काहीजण ५० टाकून चांगल्या क्वालिटीची वाट बघत बसतात.

व्हिडिओ अडखळत असेल तर अंदाजाने काहीतरी बदलत बसू नका, डॉक्स मेनूतून स्टॅट्स उघडा. एन्कोडिंग लॅगचे फ्रेम वाढत असतील तर एन्कोडर झेपत नाहीये, एनव्हेंक किंवा क्विकसिंक (इंटेलच्या ग्राफिक्सवरचा) निवडा नाहीतर एक्स२६४ चा प्रीसेट (वेगाची सेटिंग) अजून फास्ट करा. रेंडरिंग लॅग दिसला तर ताण ग्राफिक्स कार्डावर आहे.

लाल बारीक अक्षरं मात्र सगळं नीट करूनही पसरल्यासारखी दिसतात, कारण नेहमीच्या एनव्ही१२ या कलर फॉरमॅटमध्ये रंगाची माहिती अर्ध्या रिझोल्युशनवरच साठते. काळी नाहीतर जाड अक्षरं वापरा, विषय संपला.

साध्या एमपी४ मध्ये (हायब्रिड एमपी४ वेगळं) थेट रेकॉर्ड करणं हा उगाच घेतलेला धोका, मधेच लाइट गेली किंवा पीसी अडकला तर फाइल उघडतच नाही कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. रेकॉर्डिंग फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, नंतर फाइल मेनूतल्या रीमक्स रेकॉर्डिंग्जमधून एमपी४ करून घ्या, क्वालिटी जात नाही.

आणि डिस्प्ले कॅप्चर, म्हणजे अख्खी स्क्रीन पकडणारा सोर्स, नुसतं काळं दिसतंय? दोन ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपवर हे होऊ शकतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्सला जाऊन ओबीएसला पॉवर सेव्हिंग द्या आणि ओबीएस पूर्ण बंद करून परत उघडा, नाहीतर फरक दिसणार नाही.