छोट्या बोटीला दोन बॅटऱ्या बसवताय? मग या चुका टाळा

देवबागच्या संगमाजवळ आम्ही रात्रभर गळ टाकून बसलो होतो. फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) चालू, दोन एलईडी चालू, सगळ्यांचे फोन चार्जिंगला, आणि कसलीच काळजी नाही कारण बोटीत दोन-दोन बॅटऱ्या. पहाटे निघायला सेल्फ मारला तर नुसतं टक्क. परत मारला, परत टक्क. दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या, कारण बॅटरी निवडायचा स्विच आदल्या संध्याकाळपासून 'बोथ' वर, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या जोडलेला होता आणि कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सुकती (ओहोटी) लागलेली, नांगर घसरायला लागला, ४० एचपीचं मशीन (बोटीचं इंजिन) दोरीने ओढून ओढून हात सोलवटले आणि शेवटी दुसऱ्या बोटीला फोन करून टो करून यावं लागलं. त्या दिवसापासून कुणीही दोन बॅटऱ्यांचं विचारलं की मी आधी हेच सांगतो, दुसरी बॅटरी जास्त वेळ लाइट चालवायला नसते, पहिली राखून ठेवायला असते. एक फक्त सेल्फची, तिला बाकी कशानेही हात लावायचा नाही, आणि दुसरी लाइट, पंखा, म्युझिक, फिशफाइंडर सगळ्याची.

म्हणजे १-२-बोथ-ऑफ वाला स्विच असेल तर 'बोथ' फक्त अडचणीत वापरायचा, सेल्फची बॅटरी कमी पडली तर तेवढ्यापुरता, आणि मशीन सुरू झालं की परत एकाच बॅटरीवर. आणि मशीन चालू असताना चुकूनसुद्धा 'ऑफ' वर न्यायचा नाही, चार्जिंगचा करंट जायला जागा राहत नाही, व्होल्टेज एकदम चढतं आणि मशीनमधला रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करायला एसीचा डीसी करणारा भाग) उडतो, तो खर्च नव्या बॅटरीपेक्षा जड पडू शकतो. स्विच फिरवायचं लक्षात राहत नसेल तर व्हीएसआर, म्हणजे व्होल्टेज बघून आपोआप चालणारा रिले, बसवा. व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की हा रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास आलं की तोडतो, म्हणजे मशीन चालू असताना दोन्ही चार्ज होतात आणि बंद झालं की सेल्फची वेगळी पडते.

पण व्हीएसआर लावूनही "दुसरी बॅटरी चार्जच होत नाही" असं बरेच जण म्हणतात. आधी निगेटिव्ह बघा. दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकमेकांना जोडलेले पाहिजेत, ते राहून जातं कारण सगळं लक्ष लाल वायरकडे असतं. ते ठीक असेल तर हिशोब करा. आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या मशीनचा) चार्जिंग करंट मुळातच थोडा असतो आणि स्लोवर तर अगदीच कमी. तुमचा लोड ६ अँपिअर धरला तर ८ तासांत ४८ अँपिअर-अवर गेले, म्हणजे १०० च्या बॅटरीतले जवळपास निम्मे, आणि लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली नेऊच नये. खाडीतून अर्धा तास हळूहळू घरी येऊन ते भरून निघत नाही. जेटीवर आल्यावर चार्जर लावायलाच हवा. थोडा वेळ सगळं बंद ठेवून मल्टीमीटर लावा, १२.७ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी.

आता केबल, जिथे सगळ्यात जास्त लोक फसतात. वजन बॅलन्स करायला बॅटरी पुढे नेतात आणि केबल मात्र वेल्डिंगच्या दुकानातून १६ स्क्वेअर एमएमची आणतात. बॅटरी ४ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर केबल झाली, सेल्फ दीडशे अँपिअर ओढत असेल तर साधारण १.३ व्होल्ट नुसते वाटेतच गेले. मग बॅटरी नवी असूनही सेल्फ रडत फिरतो आणि दुकानदार अजून मोठी बॅटरी गळ्यात मारतो! कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तेवढ्यात मल्टीमीटर आधी बॅटरीच्या टोकांवर लावा, मग सेल्फच्या टोकांवर. बॅटरीवर ११ आणि सेल्फवर ९ दिसले तर दोष केबलचा नाहीतर थिंबलचा (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीचा) आहे. केबल टिनवाली, म्हणजे तांब्यावर कथिलाचा थर असलेली, घ्या, साधं तांबं आपल्या खाऱ्या हवेत रबराच्या आतून हिरवं पडतं, बाहेरून काहीच कळत नाही. थिंबल हातोडीने ठोकून बसवू नका, क्रिंपिंग टूलनेच दाबा. हाताने फिरवायचा विंग नट पण नको, लाटांच्या दणक्याने तो ढिला होतो, नायलॉनवाला लॉक नट पान्याने आवळा.

घरातली इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बोटीत आणून ठेवलेली पण मी बघितली आहे. कृपा करून नको. पन्नासेक किलोचं उभं धूड, दणक्याने अ‍ॅसिड सांडतं, आणि अ‍ॅसिडमध्ये खारं पाणी गेलं की क्लोरीन वायू तयार होतो. बॅटरी बॉक्समध्ये, पट्ट्याने घट्ट बांधलेली, हवा खेळती असलेल्या जागी, आणि पेट्रोलच्या टाकीपासून लांब. लिथियम आणि लेड-अ‍ॅसिड तर थेट जोडूच नका, लिथियम चार्जिंग बंद असतानाही १३.३ व्होल्ट दाखवते त्यामुळे साधा व्हीएसआर गोंधळतो, मध्ये डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी चार्ज करणारा) लागतो.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात पाहिजे, टोकाला स्विच पॅनेलपाशी नाही, कारण मधली वायर घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं काहीच नसतं.

आणि बोटीतलं पाणी उपसणारा ऑटोमॅटिक पंप मेन स्विचमधून घेऊ नका. त्याची वायर थेट दुसऱ्या बॅटरीवरून, स्वतःचा फ्यूज लावून. नाहीतर तुम्ही शहाण्यासारखं सगळं ऑफ करून घरी जाता, रात्री जोरदार पाऊस लागतो, आणि सकाळी किनाऱ्यावर येऊन बघता तर बोट काठापर्यंत पाण्यात आणि दोन्ही बॅटऱ्या फुल चार्ज.