आधी धुणं, मग चहा

पेडण्याची, वास्कोची बारावी झालेली पोरं भेटली की प्रश्न ठरलेला: ‘काका, नेव्हीत गेलो तर विमानातून उडी मारायला मिळेल?’ मार्च २०२४ मधली एमव्ही रुएन या चाच्यांनी पळवलेल्या जहाजाची सुटका सगळ्यांनी पाहिलेली असते. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस, म्हणजे नौदलाचे कमांडो, आणि त्यांच्या होड्या अरबी समुद्रात उतरल्या, सुमारे ४० तासांनी ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले. त्या कारवाईत समुद्रावर टेहळणी करणारं पी-८आय विमानही होतं. त्या जातीच्या विमानांची एक स्क्वाड्रन २०२२ पासून आपल्या दाबोळीला, नौदलाच्या हंसा तळावर आहे.

मी उडी कधीच मारली नाही. मी हेलिकॉप्टरं धुतली.

हसू नका. समुद्रावर खाली येऊन हवेत एका जागी तरंगत राहिलेलं हेलिकॉप्टर परततं ते खारवलेल्या बांगड्यासारखं. मीठ इंजिनाच्या आत, कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसतं. गोड्या पाण्याने धुतलं नाही तर गंज धरतो आणि ताकद उतरते. रात्री दोनला फेरी संपली तरी आधी धुणं, मग चहा.

दुसरी गोष्ट हत्यारांची. पेटीत प्रत्येक पान्याला त्याच्याच आकाराची खाच असते, एक खाच रिकामी दिसली की विमान जागचं हलत नाही. पहिल्याच वर्षी माझ्यामुळे असं झालं. तीन तास सगळे शोधत होते, पाना माझ्याच ओव्हरऑलच्या खिशात! आमचे चीफ ओरडले नाहीत. पुढे पंधरा दिवस मोजणी मात्र मला मोठ्याने करायला लावली.

आणि विंचचा, म्हणजे हेलिकॉप्टरमधून माणूस वर ओढणाऱ्या दोराचा, हूक खाली आला की झडप घालू नका. फिरत्या पात्यांमुळे हेलिकॉप्टरवर विजेचा भार साठतो. हूक आधी पाण्याला किंवा जमिनीला टेकू द्या. मी नाही दिला, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

भरतीचं थोडक्यात: अग्निवीर एसएसआरला, म्हणजे बारावीनंतरच्या खलाशी भरतीला, बारावीत गणित-भौतिकशास्त्र हवं, प्रशिक्षण ओडिशात चिल्काला. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, घरच्यांना हे आधीच सांगा. विमानाचंच काम मिळेल असंही नाही. जायच्या आधी पोहायला शिका. किनाऱ्यावर वाढून पाण्याला भिणारी पोरं आपल्याकडे कमी नाहीत.

सोमवार सोडून कधीही बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जा. सी हॅरिअर या लढाऊ विमानासमोर सेल्फी सगळेच काढतात. तुम्ही उघड्यावरच्या विमानांच्या रिव्हेटांभोवतीचा रंग बघा. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे.