एमसीसीबीचा नॉब फिरवला की लूप इम्पिडन्सची लिमिटपण बदलते, या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी एमआयडीसीत हे सर्रास दिसते. मोटर स्टार्ट करताना एमसीसीबी (जास्त करंटला पडणारा मोठा ब्रेकर) ट्रिप होऊन राहिला की कोणीतरी पेचकस घेते अन् मॅग्नेटिकचा, म्हणजे मोठ्या करंटला ब्रेकर झटक्यात पाडणाऱ्या भागाचा, नॉब सरळ शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवते. ट्रिपिंग बंद, मालक खूश. पण अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे करंट मशीनच्या बॉडीत उतरला, तर ब्रेकर आता वेळेत पडेल का, हे कोणी पाहतच नाही, आणि मशीनला हात लावणारा माणूस भलताच असतो, म्हणून हे लिहून राहिलो.

हिशोब सोपा आहे. २३० व्होल्ट भागिले ज्या करंटला ब्रेकर नक्की पडेल तो करंट, ही झाली लूप इम्पिडन्सची, म्हणजे फॉल्टचा करंट ज्या वाटेनं फिरतो त्या पूर्ण वाटेच्या अडथळ्याची, लिमिट. लूप याच्या खाली हवा. सी कर्व्हच्या ३२ अँपिअर एमसीबीला (छोटा ब्रेकर, पट फिक्स) दहापट धरा, ३२० अँपिअर, लिमिट ०.७२ ओहम, विषय संपला. अ‍ॅडजस्टेबलमध्ये तो करंट तुमच्या सेटिंगवर आहे, वरून मॅग्नेटिकला साधारण २० टक्के टॉलरन्स असतो तोही वरच्या बाजूनं धरावा लागतो आणि लोक नेमके इथंच विसरतात. २५० अँपिअरचा एमसीसीबी ५ पटीवर असेल तर १२५० गुणिले १.२, म्हणजे १५०० अँपिअर, लिमिट ०.१५३. तोच १० वर नेला की ३००० अँपिअर, लिमिट अर्धी, ०.०७७. समजा लूप ०.११ ओहम आहे, तर फॉल्ट करंट येईल २०९० च्या आसपास. ५ वर ब्रेकर लगेच पडेल. १० वर मॅग्नेटिक पडेलच याची खात्री नाही, नाही पडला तर थर्मल (ओव्हरलोडला हळूहळू पडणारा भाग) तापून पडेपर्यंत काही सेकंद मशीनच्या बॉडीवर धोकादायक व्होल्टेज राहील.

पट कशाची हेपण कॅटलॉगमध्ये पाहा, कुठं ब्रेकरच्या रेटिंगची असते, कुठं ओव्हरलोड सेटिंगची. इलेक्ट्रॉनिक रिलीजमध्ये (ब्रेकर पाडणारा भाग) शॉर्ट टाइमचा डिले, म्हणजे मुद्दाम उशीर, ठेवला असेल तर तोही ट्रिपच्या वेळेत मोजा.

दुसरी चूक लूप टेस्टरच्या रीडिंगची. जानेवारीत थंड केबलवर घेतलेलं रीडिंग मे महिन्यात ४५ डिग्रीत, फुल लोडवर तापलेल्या केबलला लागू होत नाही, रेझिस्टन्स सहज २० टक्के वाढतो. म्हणून लिमिटला ०.८ नं गुणा, मग ०.१५३ चे ०.१२ होतात अन् वरचं ०.११ जेमतेम बसते. आणि टेस्टरच्या नो-ट्रिप मोडवर (ब्रेकर न पाडता थोड्या करंटनं मोजणं) ०.०६ दिसलं म्हणून खूश होऊ नका भाऊ, इतक्या कमी आकड्यात टेस्टरची स्वतःची एररच मोठी असते, तिथं हाय करंटवाला टेस्टर लागतो.

लिमिट बसत नसेल तर आधी केबल ग्लँड अन् जीआय पट्टीचे गंजलेले जॉइंट तपासा, बरंच काही तिथंच सापडते. तरी नाही झालं तर केबलसोबत तांब्याचा वेगळा अर्थ कंडक्टर टाका, किंवा ग्राउंड फॉल्टवाला, म्हणजे अर्थ फॉल्टचा करंट वेगळा ओळखणारा, रिलीज घ्या. मोटरसाठी सॉफ्ट स्टार्टर लावला तर नॉब खाली ठेवता येतो.

आणि जिथं फक्त स्वतःच्या अर्थिंगच्या खड्ड्याचाच भरवसा आहे तिथं नॉबशी खेळण्यात अर्थच नाही. खड्डा २ ओहम दाखवत असला तरी करंट ११५ अँपिअरच्या वर जात नाही, २५० चा ब्रेकर त्याला साधा लोड समजते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की तेवढापण येत नाही. तिथं अर्थ लीकेज रिले (जमिनीत गळणारा थोडा करंटही ओळखून ब्रेकर पाडणारा) लावाच.