माकडहाडावरचं गळू: मी ओळीने केलेल्या चुका, तुम्ही टाळा

पहिल्यांदा ठणका लागला तेव्हा मी खुर्चीला दोष दिला. पुण्यात एमपीएससीचा अभ्यास चालू होता, पेठेतली अभ्यासिका, सकाळी सातला जागा धरली की मेसला जाण्यापुरतं उठायचं आणि रात्री अकरापर्यंत तीच प्लास्टिकची खुर्ची. तिथे बूड दुखणं ही तक्रार धरलीच जात नाही, सगळ्यांचंच दुखतं. चौथ्या दिवशी मात्र एका बाजूला कलून बसायला लागलो, आणि बाथरूममध्ये हात लावून बघितलं तर माकडहाडाजवळ, बरोबर फटीच्या वरच्या टोकाला, लिंबाएवढी गरम गाठ. हात लागला की डोळ्यात पाणी.

पुढचं दीड वर्ष मी जे जे केलं त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. आता बरा झालोय, म्हणून लिहून ठेवतोय.

या दुखण्याला पिलोनिडल सायनस म्हणतात, काही जण सिस्ट म्हणतात, आणि पू भरून अचानक सुजलं की तो अॅब्सेस. लॅटिनमध्ये पिलस म्हणजे केस आणि निडस म्हणजे घरटं, आणि खरंच आत केसांचं घरटं असतं. गळालेले सुटे केस फटीत अडकतात, घाम आणि घर्षण असतंच, बसता-उठता ते केस टोकाने कातडीत घुसतात आणि मधल्या रेषेत सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. आत बोगदा तयार होतो, शरीर त्या केसांना परकं समजून भांडत राहतं, मग पू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातल्या जवळपास ८०,००० जवानांना यासाठी दवाखान्यात भरती करावं लागलं होतं, जीपमध्ये आदळत बसून बसून, म्हणून तिकडे याला जीप डिसीज असंच नाव पडलं. साधारण वयात आल्यापासून चाळिशीपर्यंत होतं, पुरुषांना जास्त, पण मुलींनाही होतं आणि त्या तर अजूनच कोणाला सांगत नाहीत.

माझी पहिली चूक म्हणजे केसतूड समजून घरगुती उपाय. फोनवर आईला "पाठीत गळू झालंय" एवढंच सांगितलं, जागा सांगितली नाही, तिने कांदा भाजून हळद लावून बांध म्हणून सांगितलं. बांधला. आता फटीत कांदा कसा बांधतात ते विचारू नका. दोन दिवसांनी गाठ आपोआप फुटली, चड्डी पिवळी-लाल झाली, वास असा की रूममेटने खिडकी उघडली, पण दुखणं एका मिनिटात गायब. इतकं बरं वाटलं की मी त्या रात्री मिसळ खायला गेलो.

इथेच सगळे फसतात. फुटलं म्हणजे गेलं असं वाटतं. साधं केसतूड फुटलं की खरंच संपतं, पण इथे पू बाहेर आला तरी बोगदा आणि आतले केस तिथेच असतात. वरचं तोंड मिटतं, महिना-दोन महिने शांतता, मग परत. मला तीन वेळा असं झालं आणि तिन्ही वेळा फुटल्यावर मी देवाचे आभार मानून विषय सोडून दिला. आणि दाबून पू काढायला तर अजिबात जाऊ नका, सुई टोचून तर नाहीच, इन्फेक्शन आत पसरतं आणि बोगद्याला नवीन फाटे फुटू शकतात. कोमट पाण्याचा शेक घ्या, बसायला आराम पडतो, बास, त्यापुढचं काम डॉक्टरचं.

दुसरी चूक लाजेची. मेडिकलवाल्याकडे गेलो, काउंटरवर दोन मुली उभ्या होत्या, मी हळूच म्हटलं मूळव्याधीचं मलम द्या. महिनाभर लावलं. मूळव्याध गुदद्वाराशी असते, शौचाला रक्त जातं, आणि भगंदराचं तोंडही बहुतेक वेळा गुदद्वाराच्या जवळच असतं. हे दुखणं त्याच्या बरंच वर, दोन कुल्ल्यांच्या मधल्या रेषेत, आणि नीट उजेडात बघितलं तर तिथे एक किंवा जास्त बारीक भोकं दिसतात, कधी त्यातून केस डोकावतो. स्वतःला दिसत नाही, फोनने फोटो काढा. तरी पक्कं निदान जनरल सर्जनकडेच, कारण भगंदर वर चढून आलेलं असू शकतं, काखेत-जांघेतही गळवं येत असतील तर वेगळाच आजार असू शकतो, आणि आपल्याकडे टीबीमुळेही न भरणारी जखम होते. शंका असली तर ते एमआरआय सांगतात. सर्जनला यात काही नवल नसतं, ते दिवसभर हेच बघतात, आपणच उगाच लाल होतो.

अँटिबायोटिकचं पण सांगतो. पाच दिवसांचा कोर्स, सूज उतरली, परत आली, परत कोर्स, मी चार कोर्स केले. पू साठलेल्या पिशवीत गोळीचं औषध नीट पोचत नाही आणि केस तर गोळीने विरघळत नाहीतच. आजूबाजूची कातडी लाल होऊन पसरत असेल, ताप असेल, शुगर असेल तर अँटिबायोटिक लागतं, पण साठलेला पू बाहेर काढावाच लागतो. ताप आणि थंडी, लाली तासातासाला वाढतेय किंवा डायबेटिस आहे, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टीला जा.

पू काढतात ती छोटी प्रोसिजर आहे, जागा बधिर करून चिरा देतात, मधल्या रेषेच्या थोडा बाजूला दिलेला बरा कारण मधली जखम भरायला त्रास देते. खरं सांगायचं तर सुजलेल्या जागी भूल नीट लागत नाही, इंजेक्शनच जास्त दुखतं, पण पाच मिनिटांनी असं हलकं वाटतं की बस. काहींना यानंतर आयुष्यात परत होत नाही. बऱ्याच जणांना होतं. म्हणून सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी, परत दाखवायला जायचं असतं आणि मी गेलो नाही, कारण पूर्व परीक्षा होती. ती पण गेली ते सोडा.

आता मुख्य ऑपरेशन. इथे माझी सगळ्यात महागडी चूक: लेझरवाल्या दवाखान्याची जाहिरात बघून फोन केला. "तीस मिनिटांत घरी, टाके नाहीत, चिरफाड नाही". फोनवरच्या माणसाने जखम न बघताच पॅकेज सांगितलं. लेझर वाईट आहे असं मी म्हणत नाही, एक-दोन भोकं आणि छोटा सरळ बोगदा असेल तर लेझरने आतून जाळणं, दुर्बिणीने साफ करणं किंवा नुसती भोकं गोल कोरून आतले केस काढणं, हे सगळं चांगलं काम करतं आणि माणूस लवकर कामाला लागतो. पण माझं तीनदा फुटून बाजूला दुसरं तोंड निघालेलं होतं, अशा ठिकाणी लेझर मारलं आणि पाच महिन्यांनी परत पू. पैसे गेले ते गेलेच. जो डॉक्टर तपासायच्या आधी मशीनचं नाव सांगतो त्याच्याकडून उठून यायचं, हे माझं मत.

जुनी पद्धत म्हणजे सगळा भाग कापून जखम उघडी ठेवायची आणि तळापासून भरू द्यायची. खात्रीची आहे पण वेळखाऊ, दीड-दोन महिने सहज, काहींना त्याहून जास्त. दुसरी, कापून बरोबर मधोमध टाके. दिसायला झटपट, पण यावर जेवढे अभ्यास झालेत त्यात हेच निघालंय की मधोमधचे टाके भरायला वेळ लावतात आणि दुखणं परत यायचं प्रमाणही त्यात जास्त, बाजूला नेलेले टाके बरे. म्हणून फ्लॅप करतात, म्हणजे शेजारची कातडी सरकवून खड्ड्यावर आणतात. ग्रीक सैन्यातला कारिडाकिस नावाचा सर्जन होता, त्याने १९७३ मध्ये मांडलं की दोष फटीच्या खोलीचा आहे, टाके मधल्या रेषेवरून बाजूला न्या आणि फट उथळ करा म्हणजे केस घुसायला जागाच राहणार नाही. लिंबर्ग फ्लॅपमध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा काढतात आणि शेजारची कातडी-चरबी फिरवून तिथे बसवतात. क्लेफ्ट लिफ्ट नावाची पद्धत पण याच विचाराची. माझं शेवटी लिंबर्ग झालं, कंबरेत भुलीचं इंजेक्शन देऊन, आत साठणारं पाणी-रक्त बाहेर काढायला दोन दिवस ड्रेनची नळी, चौदाव्या दिवशी टाके काढले. व्रण मोठा आहे, पण कोण बघतंय.

सर्जनला हे चार प्रश्न विचारा: माझे बोगदे किती आणि कुठवर गेलेत, टाके मधल्या रेषेवर येणार का बाजूला, तुम्ही ही पद्धत नेहमी करता का, आणि परत झालं तर पुढे काय करणार. उत्तर टाळलं तर दुसरं ओपिनियन.

क्षारसूत्राबद्दल आपल्याकडे हमखास विचारतात. औषधी क्षार लावलेला दोरा बोगद्यातून ओवतात आणि दर आठवड्याला बदलतात, तो हळूहळू मार्ग कापत आणि भरत जातो. आयुर्वेदात शल्यतंत्राची एमएस केलेले डॉक्टर करतात, अभ्यासिकेतल्या एकाने करून घेतलं, त्याला बरं वाटलं, पण दोन महिने फेऱ्या माराव्या लागल्या. ते वेगळं आणि एसटी स्टँडसमोर "विना ऑपरेशन गॅरंटीने" असा बोर्ड लावून कसलं तरी इंजेक्शन देणारे वेगळे, तिकडे चुकूनही नको.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, ही पुढची चूक आणि उघडी जखम असेल तर ही सगळ्यात जास्त नडते. मला लेझरच्या वेळी छोटी उघडी जखम होती, ड्रेसिंगला रोज जायचं होतं, मी चार दिवसांनी कंटाळलो आणि रूममेटला म्हटलं तूच कर. बिचारा साताऱ्याचा, पोलीस भरतीची तयारी करणारा, दातात फोनचा टॉर्च धरून, एका हाताने कुल्ला बाजूला ओढून दुसऱ्या हाताने गॉज भरायचा आणि वर म्हणायचा "हलू नको, नाहीतर सोडून देईन". पहिल्या दिवशी त्याने गॉज असा ठासून भरला की मी ओरडलो. तसं नसतं भरायचं. गॉज हलका, ओला आणि सैल ठेवायचा, तळाला टेकेल एवढाच, म्हणजे वरचं तोंड आधी मिटत नाही आणि जखम खालून भरते. वरून बंद झाली आणि आत पोकळी राहिली की खेळ परत पहिल्यापासून.

शौचाला जाऊन आलं की टॉयलेटच्या जेट स्प्रेने हलक्या धारेने धुवायचं, टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं. फ्लॅपचे टाके असतील तर पहिले काही आठवडे भारतीय संडासात उकिडवं बसू नका, ताण येऊन टाके उसवतात, गावी असाल तर कमोडची खुर्ची मिळते ती आणा. इसबगोल चालू ठेवा. झोपायचं पालथं किंवा कुशीवर. सिगारेट बंद, जखम भरायला खरंच उशीर होतो, माझी चहासोबतची एक पण सर्जनने बंद केली.

काय नॉर्मल आणि काय नाही यावर मी रोज घाबरायचो, म्हणून: उघड्या जखमेत लालभडक दाणेदार मांस दिसणं चांगलं, पिवळसर पातळ थर आणि थोडं पाणी येणं चालतं, ड्रेसिंग काढताना थेंबभर रक्त पण चालतं. घाण वास, घट्ट पू, ठणका वाढणं, ताप, टाक्यांची कडा उघडणं किंवा गॉज भिजून रक्त येणं, यात लगेच फोन करा. दोन-तीन आठवडे जखम तेवढीच राहिली असेल तर आत केस पडलाय का बघायला सांगा, माझ्या जखमेतून नर्सने चिमट्याने एक लांब केस ओढून काढला होता आणि नंतर ती पटापट भरली. दर रविवारी एकाच अंतरावरून फोटो काढत जा, रोज बघून फरक कळत नाही.

केसांचं शेवटचं. आजूबाजूचे केस आठ-दहा दिवसांनी ट्रिमरने बारीक करा, रेझर वर्षानुवर्षं फिरवत बसू नका, त्याने उलट परत व्हायचं प्रमाण वाढतं असं दिसलंय. ज्यांना सारखं होतं त्यांनी लेझर हेअर रिमूव्हलचा विचार करावा. आणि एक मजेशीर गोष्ट, जर्मनीतल्या डॉक्टरांनी काढलेल्या सायनसमधले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर त्यात डोक्याच्या केसांचे कापलेले बारीक तुकडे खूप निघाले, टोकदार, मूळ नसलेले, म्हणजे मानेवरून पाठीवरून घरंगळत खाली गेलेले. आमची आजी कटिंग करून आलं की ओट्यावर पण बसू द्यायची नाही, आधी न्हाणीघर, डोक्यावरून पाणी. तेव्हा राग यायचा. आता मी सलूनमधून सरळ बाथरूममध्येच जातो.

मेडिक्लेम असेल तर तारीख ठरवायच्या आधी पॉलिसी काढून बघा, बऱ्याच पॉलिसींमध्ये हे दुखणं दोन वर्षांच्या वेटिंग पिरियडच्या यादीत असतं, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून दोन वर्षं याचा खर्च मिळत नाही. मला हे डिस्चार्जच्या काउंटरवर कळलं, पालथा झोपून आलेला माणूस तिथे दीड तास उभा होता.